हाताचा दोष साखरेच्या माथी

2024 च्या ऑगस्टमध्ये आमचे दाजी गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, मंडळी पांगली, चटया गुंडाळून झाल्या आणि ताई आमच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "भाऊ, एक खरं सांग. ह्यांची साखर मी नीट सांभाळली असती, तर हे झालं नसतं ना?"

आम्ही त्या दिवशी "नाही गं ताई, तुझा काय दोष?" एवढेच म्हणालो. पण ताईला सांत्वन नको होते, तिला उत्तर हवे होते. कितीतरी दिवस ती मनाशी एकच हिशेब मांडत होती. कुठल्या सणाला पुरणपोळी वाढली, कुणाच्या लग्नात जिलेबी खाऊ दिली, कुठल्या महिन्यात पैसे नव्हते म्हणून गोळ्या आणायच्या राहिल्या. आणि त्या हिशेबाच्या तळाशी तिने स्वतःलाच दोषी ठरवून टाकले होते. आजच्या सदरात तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. वाचक जाणतातच की आम्ही डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेले कारकून आहोत. पण दाजींच्या दुखण्यापायी ओपीडीच्या बाकावर पुष्कळ तास बसलो, डॉक्टरसाहेबांना गाठून गाठून विचारले, मागाहून मिळेल ते वाचले. जे कळले ते आपल्या घराघरांत जावे असे वाटते.

दाजी एका सरकारी कार्यालयात वाहनचालक होते. 2008 पासून साखर. 2021 च्या दिवाळीत एक दिवस त्यांना जीपची किल्ली फिरवता येईना. अंगठ्यात जोरच नाही. त्यांनी डाव्या हाताने किल्ली फिरवली, गाडी सुरू केली आणि विषय सोडून दिला. महिन्याभराने सदऱ्याची बटणे ताईला लावून द्यावी लागली. मग अंगठा आणि पहिले बोट यांच्यामधले मांस बसू लागले, तिथे खळगा पडला. दुखत मात्र काहीच नव्हते, मुंग्याही नव्हत्या. हे "दुखत नाही" म्हणूनच आम्ही सगळे निश्चिंत राहिलो. आज कळते की घाबरायला हवे होते ते त्याच गोष्टीला.

वस्तीतल्या डॉक्टरांनी साखरेची गोळी वाढवली, नसांच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजाऱ्यांनी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड सुचवली. ताईने भात, बटाटा, केळी, सगळे बंद केले. इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. 2021 साली याच सदरात आम्ही मधुमेहाच्या पथ्याचा तक्ता दिला होता. तो कापून ताईच्या स्वयंपाकघरात फळीच्या वर चिकटवला तोही आम्हीच. दाजींचे वजन अडुसष्ट किलोवरून सत्तावन्नवर आले तेव्हा आम्ही ताईला शाबासकी दिली. त्या तक्त्यात चूक काही नव्हती. पण 'वजन झपाट्याने उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा' ही एक ओळ त्यात नव्हती, ती असायला हवी होती.

मग जीभ जड झाली. बोलणे अडखळू लागले. कार्यालयात कुजबूज सुरू झाली की चालक पिऊन येतो. ज्या माणसाने आयुष्यात कधी थेंबाला शिवले नाही, त्याच्याबद्दल हे ऐकून दाजी चार दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. त्या रागातच आम्ही त्यांना मोठ्या रुग्णालयात मेंदूविकार विभागात नेले. जानेवारी 2023 होता. तिथल्या बाईंनी पाऊण मिनिट त्यांच्या उघड्या तोंडात टॉर्च मारून नुसते पाहिले. जीभ तोंडात निवांत पडलेली असताना तिच्यावर बारीक बारीक लाटा उठत होत्या. मग गुडघ्यावर रबरी हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. पुढे सुया टोचून स्नायूंची विजेची तपासणी झाली, तिला ईएमजी म्हणतात. मानेचा एमआरआय झाला, रक्त गेले. आणि निदान निघाले, मोटर न्यूरॉन डिसीज. बाई म्हणाल्या, "हा साखरेने गेलेला हात नाही."

पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत चौदा महिने गेले. पुढे वाचनात आले की जगभर या रोगात सरासरी वर्षभर तरी असेच जाते, श्रीमंत देशांतसुद्धा. म्हणून कुणा एका डॉक्टरला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आता हा रोग काय आहे ते आपल्या चाळीच्या वायरिंगवरून समजून घेऊ. रस्त्यावरच्या खांबापासून चाळीच्या मीटरपेटीपर्यंत एक केबल येते. मीटरपेटीपासून आपल्या खोलीतल्या दिव्यापर्यंत दुसरी वायर जाते. शरीरातही हालचालीचा हुकूम असाच दोन टप्प्यांत जातो. मेंदूतली एक पेशी तो मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचवते आणि तिथली दुसरी पेशी हातापायाच्या स्नायूपर्यंत. या दोन्ही टप्प्यांतल्या पेशी एकामागून एक मरत जाणे म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज. हुकूम मिळेनासा झाला की स्नायू वाळतो. जाणिवेच्या नसा निराळ्या असतात, त्यांना सहसा धक्का लागत नाही. म्हणून माणसाला स्पर्श कळतो, ऊनगार कळते, डोळे फिरतात, लघवीवर ताबा राहतो. बहुतेकांची बुद्धी शाबूत असते, काहींच्या विचारात व स्वभावात फरक पडतो. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी 1869 मध्ये या रोगाचे नीट वर्णन केले. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना तो 1963 मध्ये, एकविसाव्या वर्षी जडला आणि ते 2018 पर्यंत जगले. पण त्यांचे उदाहरण देऊन रुग्णाच्या घरच्यांना आशा लावू नये. तसा मंद रोग फार थोड्यांना होतो. बहुतेकांच्या वाट्याला दोन ते पाच वर्षे येतात. दाजींना लक्षणे दिसल्यापासून तीनही पुरी मिळाली नाहीत.

मधुमेह नसांना इजा करतो, पण त्याची तऱ्हा वेगळी. तो सहसा वायरीच्या दूरच्या टोकापासून सुरुवात करतो. शरीरातली सगळ्यांत लांब वायर पायाच्या बोटांपर्यंत जाते, म्हणून आधी दोन्ही तळवे. मुंग्या, आग, सुया टोचल्यासारखे, रात्री जास्त. नंतर बधिरपणा, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. हळूहळू ते गुडघ्याकडे चढते आणि मग हाताच्या बोटांना लागते. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी ते किती बेजार असत, हे आपल्यातल्या जुन्या माणसांनी घरोघर सांगितलेले आहे. उलट मोटर न्यूरॉनचा आजार बहुधा एकाच बाजूने, एका हातापासून किंवा एका पायापासून सुरू होतो, नाहीतर जिभेपासून. त्यात पेटके येतात, स्नायू फडफडतात, ताकद जाते, मांस झडते, पण बधिरपणा नसतो.

एवढे वाचून कुणी लगेच आपला हात तपासू नये. नुसते डोळ्याचे पाते लवले किंवा पोटरी फडफडली म्हणजे हा रोग नव्हे. जागरणाने, दमल्याने, जास्त चहानेही स्नायू फडफडतात. ताकद जात नसेल आणि मांस वाळत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही.

याची दुसरी बाजू आमच्याच इमारतीत घडली, म्हणून ती सविस्तर सांगतो. दाजींचे निदान झाल्यावर सहा महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची उजवी मांडी एकाएकी ठणकू लागली. वय बासष्ट, साखर दहा वर्षांची. दुखणे इतके की रात्री रडत. मग मांडी वाळू लागली, जिना चढवेना, दोन महिन्यांत वजन नऊ किलोने उतरले. दाजींचे सगळ्यांनी पाहिलेले होते, त्यामुळे काकूंनी मनाची तयारीच केली. मुलाला बोलावून बँकेचे पासबुक, रेशनकार्ड, दोन बांगड्या, सगळे त्याच्या स्वाधीन केले. आम्हीच त्यांना बळेबळे त्या ओपीडीत नेले. त्याच बाईंनी तपासून, ईएमजी करून सांगितले की हा तो रोग नव्हे. हे मात्र खरोखर साखरेचेच दुखणे आहे. त्याला डायबेटिक अमायोट्रॉफी म्हणतात. जर्मनीत ब्रुन्स नावाच्या डॉक्टरांनी 1890 मध्ये त्याचे वर्णन केलेले आहे. उतारवयात, बहुधा एका मांडीला जबर दुखून सुरू होते, स्नायू वाळतो, वजन उतरते, पाहणाऱ्याला वाटते सगळे संपले. पण काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात ते आपोआप सुधारू लागते. थोडी कमजोरी मागे राहू शकते. काकूंना तेरा महिने लागले. आधी वॉकर, मग काठी, आता कठड्याला धरून तिन्ही मजले चढतात. बांगड्या मुलाकडून परत घेतल्या का, ते आम्ही विचारलेले नाही.

म्हणजे एकाच इमारतीत दोघांना साखर, दोघांचे स्नायू वाळले. एकाला साखरेचा समजून वर्ष गमावले, दुसरीने नसलेल्या रोगापायी निरवानिरव केली. अशी आणखीही दुखणी आहेत. मधुमेह्यांना मनगटातली नस दबण्याचा त्रास जास्त होतो. अंगठ्याखालची उशी वाळते आणि रात्री बोटांना मुंग्या येतात. छोट्या शस्त्रक्रियेने नस मोकळी करता येते. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-बारा जीवनसत्त्व कमी पडू शकते, त्यानेही मुंग्या येतात, तोल जातो, पाय लटपटतात. रक्ताच्या तपासणीत ते कळते आणि इंजेक्शने देऊन भरून काढता येते. मानेच्या मणक्यात नस दबली तरी हात वाळतो. केवळ हालचालीच्या नसांना सूज येण्याचा एक आजार अगदी या रोगासारखा दिसतो, पण त्याला महागडे का होईना, औषध आहे. पंधरा-वीस वर्षांच्या मुलाचा एक हात वाळू लागला तर आईबापांनी लगेच धीर सोडू नये. हिरायामा नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1959 मध्ये वर्णिलेला एक आजार अशा मुलांत होतो, आपल्याकडेही आढळतो. तो काही वर्षांनी आपणहून थांबतो आणि मानेचा पट्टा वेळीच लावला तर उपयोग होतो. एवढ्या सगळ्या शक्यता असताना घरात बसून "साखरेचे असेल" किंवा "तेच असेल" असा निवाडा कुणी करू नये. एका बाजूची ताकद जात असेल, मांस झडत असेल, बोलणे वा गिळणे बिघडले असेल, तर केसपेपर काढून मेंदूविकार विभागातच जावे. हाडांच्या विभागात सहा महिने घालवू नयेत.

आता ताईचा प्रश्न. साखरेमुळे हा रोग होतो का?

यावर परदेशांत मोठे अभ्यास झाले आहेत. डेन्मार्क आणि स्वीडन या देशांत प्रत्येक नागरिकाच्या आजारपणाची नोंद सरकारदप्तरी असते. त्या नोंदी धुंडाळून 2015 साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. डेन्मार्कमध्ये साडेतीन हजारांवर रुग्णांची तुलना इतर लाखो लोकांशी केली, स्वीडनमध्ये पाच हजारांवर रुग्णांची. अपेक्षा अशी की मधुमेह्यांत हा रोग जास्त दिसेल. निघाले उलटेच. डेन्मार्कमध्ये मधुमेह्यांत तो जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी, स्वीडनमध्ये सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी. हा फरक उतारवयात होणाऱ्या मधुमेहाचा. लहान वयात मधुमेह जडलेल्यांत मात्र धोका जास्त दिसला. त्याच 2015 साली तैवानचा अभ्यास आला. त्यात मधुमेह्यांत हा रोग सुमारे एक-तृतीयांशाने जास्त निघाला. म्हणजे युरोप एक म्हणतो, तैवान दुसरे.

कमी का असावा, याचे तर्क बरेच आहेत. मोटर न्यूरॉनच्या रुग्णांचे शरीर जास्त इंधन जाळते आणि ही माणसे मुळात सडपातळ असतात असे अनेक ठिकाणी आढळले आहे. अंगात चरबीचा साठा असलेल्याला कदाचित थोडे संरक्षण मिळत असेल, आणि युरोपातला मधुमेही बहुधा जाड असतो. किंवा जो मुळात सडपातळ, त्याला मधुमेहच कमी होतो, एवढेच असेल. आपल्याकडे मधुमेह लवकरच्या वयात आणि तुलनेने कमी वजनाच्या माणसांनाही होतो. त्यामुळे युरोपचा आकडा उचलून आपल्या माणसांना चिकटवणे बरोबर नाही, असे आमचे मत आहे. "साखर वाढू दे, तेवढाच तो रोग टळेल" असा अर्थ तर कुणी काढूच नये. साखर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय खाते, त्याबद्दल कुणाचे दुमत नाही.

आम्ही खतावणी लिहिणारी माणसे, म्हणून आकडे मांडून पाहिले. युरोपातल्या नोंदींप्रमाणे हा रोग वर्षाला एका लाखात सुमारे दोघांना नव्याने होतो. स्वीडनचा हिशेब धरला तर मधुमेह्यांत लाखात दोनाचे दीड-पावणेदोन. तैवानचा धरला तर दोनाचे पावणेतीन. वर धरा की खाली धरा, लाखात एका माणसाचाही फरक पडत नाही. दुसरीकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात, 2023 साली जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे, 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आहे. म्हणजे दहा कोटींवर माणसे, दर नवांतला एक. साठीकडे झुकलेल्यांत तर त्याहून जास्त. मग या वयात ज्यांना मोटर न्यूरॉनचा रोग होतो, त्यांतल्या कित्येकांना साखर आधीपासून असणारच. एकाच घरात दोन पाहुणे उतरले म्हणून एकाने दुसऱ्याला आणले असे होत नाही.

उलट दिशेने मात्र एक धागा आहे. खाल्लेली साखर रिचवण्याचे मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. स्नायू वाळले की कोठार लहान होते, आणि ज्याला कधी साखर नव्हती त्याच्या रक्तातही ती वाढलेली दिसू शकते. मधुमेहाच्या औषधाने या रोगात फायदा होतो का, हेही करून पाहिले गेले. पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची गोळी जर्मनीत 219 रुग्णांच्या चाचणीत वापरली. काही उपयोग दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली आणि 2012 मध्ये तसे जाहीर केले.

तेव्हा ताई, पुरणपोळीने हे झाले नाही. जिलेबीने झाले नाही. राहिलेल्या गोळ्यांनीही झाले नाही. दहा रुग्णांतल्या नऊ जणांत हा रोग का झाला हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. उरलेल्या एकात तो घराण्यातून येतो. आपल्या घराण्यात मागे कुणाला नव्हता. हा संसर्गानेही होत नाही. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण भाचीच्या सोयरिकीच्या बोलण्यात पाहुण्यांनी "तुमच्याकडे ते वाळण्याचं दुखणं आहे म्हणे" असे विचारले होते आणि त्यानंतर त्यांच्याकडून निरोप आला नाही. ते पाहुणे हे साप्ताहिक घेतात, आम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट राहिली आणि तिचे उत्तर तितके सोपे नाही. या रोगात वजन जितके झपाट्याने उतरते तितका रोग्याचा काळ कमी होतो. निदानानंतर आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, "यांना एवढे उपाशी कोण ठेवतेय?" ताईने आमच्याकडे पाहिले, आम्ही जमिनीकडे. बाईंनी सांगितले की आता साखरेचे आकडे अगदी काटेकोर धरू नका. फार वाढू देऊ नका आणि फार उतरू देऊ नका, बाकी पोटभर खाऊ घाला, तूप घाला, शेंगदाण्याचे कूट घाला, दूध-अंडी द्या. साखर फार खाली जाऊ नये म्हणून मधुमेहाच्या गोळ्या साखरेच्या डॉक्टरांकडून कमी करून घेतल्या. हे ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायचे. ताईने त्या दिवशी घरी जाऊन फळीवरचा तक्ता फाडला नाही, उलटा करून चिकटवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रोजचे वजन लिहू लागली. सत्तावन्नचे चोपन्न झाले होते, ते पुन्हा सत्तावन्नवर गेले आणि सात महिने तिथे टिकले. हे आधीपासून केले असते तर किती दिवस वाढले असते, ते कुणी सांगू शकत नाही. पण तो तक्ता ताईने नव्हे, आम्ही लावला होता. तिच्या हिशेबातली एवढी रक्कम आमच्या नावे टाकावी.

औषध म्हणाल तर रिल्युझोल नावाची एक गोळी आहे, अमेरिकेत 1995 मध्ये मान्य झालेली, आपल्याकडे मिळते. ती आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढवते, बरे करत नाही. अधूनमधून यकृताची तपासणी करावी लागते. रोग्यांतल्या फार थोड्यांत एका विशिष्ट जनुकाचा दोष असतो, त्यांच्यासाठी 2023 मध्ये अमेरिकेत टोफर्सेन हे इंजेक्शन मंजूर झाले. खरा आधार यंत्राचा आणि सेवेचा. रात्री नाकातोंडावर मुखवटा लावून श्वासाला जोर देणारे बायपॅप यंत्र मिळते. ज्यांची जीभ-घसा फार गेलेला नाही अशांचे आयुष्य त्याने कित्येक महिन्यांनी वाढते, हे 2006 मध्ये इंग्लंडात सिद्ध झाले. गिळता येईनासे होण्याआधीच पोटातून अन्ननळी बसवून घ्यावी, फार उशीर झाला तर ती बसवणेही धोक्याचे होते. दाजींनी नळीला दोन महिने नकार दिला. "मी काय कायमचा सलाईनवर?" असे ते पाटीवर लिहून दाखवत. शेवटी नातवाने आग्रह केला तेव्हा तयार झाले.

या काळात दारात येणाऱ्यांची तऱ्हा काय सांगावी! एकाने गंडा आणला, एकाने अंगारा. ते परतवणे सोपे होते. कठीण होते ते पांढऱ्या कोटातले. एका खासगी केंद्राने मूळपेशींच्या म्हणजे स्टेम सेलच्या तीन इंजेक्शनांचे साडेचार लाख सांगितले, चकचकीत फाईलही दिली. ताई गावाकडची जमीन विकायला निघाली होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रोगात मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. आम्ही त्या केंद्रात जाऊन चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितला. तो आम्हाला आजतागायत मिळालेला नाही. जमीन वाचली.

नोकरीचेही सांगतो, ते आमच्या प्रांतातले आहे. निदानाचा कागद पाहताच कार्यालयाने दाजींना स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पुढे केला, सही करायला माणूस घरी पाठवला. दाजींना निवृत्तीला दोन वर्षांवर अवधी होता. आम्ही सही करू दिली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 20 चे पोटकलम 4 असे आहे की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर आणू शकत नाही. तो त्या पदाला योग्य राहिला नाही तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. 1995 च्या जुन्या कायद्यात हेच कलम 47 होते. आधी शासकीय रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले. मग अर्जात कलम शब्दशः उतरवले, प्रमाणपत्राची प्रत जोडली, आवक-जावकला देऊन पोच घेतली. पाच महिने फाईल फिरली. पण दाजी अधिसंख्य पदावर पूर्ण पगारात राहिले आणि सेवेत असतानाच गेले, त्यामुळे ताईला कुटुंब निवृत्तिवेतन विनातक्रार सुरू झाले. हे कलम खासगी कारखान्याला लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे काम करणाऱ्याने घाईने राजीनामा लिहून देण्याआधी युनियनला नाहीतर आम्हाला भेटावे. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे, हे तर आमच्या वाचकांना पाठ झालेच असेल.

ताईला आम्ही हे सगळे तिच्या घरी बसून, कागदावर आकडे मांडून सांगितले. स्वीडन-तैवानमध्ये तिला रस नव्हता. तिने दोनदा विचारले, "म्हणजे जिलेबीनं नाही ना?" आम्ही दोनदा नाही म्हणालो. मग ती उठली आणि कोपऱ्यातले बायपॅप यंत्र पुसायला लागली.

ते यंत्र ताईने कुणाला तरी द्यायचे ठरवले, विकायचे नाही. ओपीडीतल्या सिस्टरांनी कल्याणच्या एका घराचे नाव दिले. मुखवटा आणि नळी नवी घेतली, गाळणी बदलली, यंत्र दुरुस्तीवाल्याकडून तपासून घेतले आणि आकडे किती ठेवायचे ते त्यांच्या डॉक्टरांवर सोडले. आम्ही पोहोचवायला गेलो तेव्हा त्या घरच्या सूनबाईंनी चहा पुढे केला. सासऱ्यांच्या कपात साखर घालावी की नाही, असे ती आम्हालाच विचारत होती. आम्ही ताईकडे पाहिले. ताई म्हणाली, "वजन किती आहे त्यांचं? आधी ते सांग."